यादीत नसलेले देणे

दिल्लीत सरकारी घराचा ताबा घेताना एक यादी हाती पडते. पंखे किती, दिव्यांची बटणे किती, न्हाणीघरातील नळ किती, खिडक्यांच्या काचा किती आणि त्यांपैकी तडकलेल्या किती, हे सारे तीत लिहिलेले असते. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने खाली सही केली की घर एकाचे दुसऱ्याचे होते. सरोजिनी नगरातील ज्या जुन्या घरात आम्ही प्रथम राहावयास आलो, त्याच्या यादीत बोक्याचा उल्लेख नव्हता. बोका मात्र अंगणाच्या भिंतीवर बसलेला होता. आमच्याआधी तेथे राहणाऱ्या बंगाली गृहस्थांची बदली कोलकात्याला झाली होती. किल्ली देताना त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून 'हुलो' एवढेच सांगितले. ते त्याचे नाव असावे अशा समजुतीने आम्ही काही महिने त्याला हुलो म्हणत होतो. बंगालीत हुलो म्हणजे नुसता बोका, हे पुढे कळले. तेव्हा आम्ही त्याचे मराठीकरण करून त्याला बोकोबा म्हणू लागलो. त्याने दोन्हींपैकी कोणत्याही नावाला कधी ओ दिली नाही.

सरोजिनी नगराचे पूर्वीचे नाव विनयनगर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सरकारी नोकरांसाठी वसविलेल्या त्या वस्तीत बसकी घरे होती, घरांपुढे मोकळी जागा होती आणि त्या जागेत कडुनिंब-जांभळांची सावली होती. दिल्लीतल्या अशा सात जुन्या वसाहती पाडून नव्याने बांधण्याचे २०१६ साली ठरले, त्यांत हिची गणना झाली. २०१८ च्या उन्हाळ्यात झाडे तोडली जाणार म्हणताच नागरिक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. झाडांच्या वतीने निदान कोणी बोलले. त्या अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मांजरांच्या वतीने कोणी काही बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्हीही बोललो नव्हतो.

घर रिकामे करण्याची नोटीस आली, तेव्हा सामान ट्रकवर चढत असताना बोका भाजीच्या टोपलीत जाऊन बसला. पत्नीने टोपलीवर जुने लुगडे टाकले आणि टोपली उचलली. आम्ही त्याला बरोबर नेण्याचा निर्णय घेतला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याला खाली उतरविण्याचा निर्णय आम्ही घेतला नाही, इतकेच. मधली वर्षे दुसऱ्या एका वसाहतीत गेली. पुढे सरोजिनी नगरात मनोरे उभे राहिले. ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांपैकी अठ्ठावीस मनोऱ्यांतील अडीच हजारांहून अधिक घरांचे उद्घाटन झाले आणि आम्ही बोक्यासह परत आलो, तो थेट नवव्या मजल्यावर. सज्जाला जाळी लावली. भिंत, झाड, उंदीर, शेजारचा प्रतिस्पर्धी, यांपैकी काहीच आता त्याच्या वाट्याला उरले नाही. तो खाई, निजे आणि जाळीतून खाली पाही. आल्यागेल्याला आम्ही कौतुकाने त्याचे वाढलेले वजन दाखवीत होतो.

गेल्या हिवाळ्यात तो पाणी पिऊ लागला. मांजर पाणी पिते यात नवल ते काय? पण न्हाणीघरातील बादलीशी तो दहा-दहा मिनिटे बसून राही आणि उठून पुन्हा तेथेच येई. खाणे वाढले, वजन उतरले. मागच्या पायांची चाल बदलली. मांजर बोटांवर चालते, हा टाचा टेकून, एखाद्या म्हाताऱ्या शिपायासारखा चालू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर पुष्कळ वाढलेली होती. मात्र दवाखान्याच्या भीतीनेही मांजराची साखर चढते, म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामीन नावाची दुसरी तपासणी केली. तीत मागल्या दोन-तीन आठवड्यांचा सरासरी हिशेब मिळतो. निदान पक्के झाले. मधुमेह. दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिनची सुई. "लवकर सुरुवात केली आणि साखर ताब्यात राहिली, तर काही मांजरांची सुई पुढे सुटतेही," डॉक्टर म्हणाले, "पण ते धरून चालू नका. घरी जाऊन विचार करा." न जमल्यास दुसरा मार्ग कोणता, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दोघांनाही तो ठाऊक होता.

हा रोग आपल्याकडे अपरिचित नाही. ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात त्याच्या रोगाचे वर्णन चरकसंहितेत आले आहे, आणि आजच्या कोणत्याही मराठी पंगतीत साखरेविना चहा मागणारे दोघे-चौघे निघतात. मांजराला होतो तो मधुमेह बव्हंशी आपल्या प्रौढांना होणाऱ्या मधुमेहासारखाच असतो. बोक्यांना तो अधिक होतो. त्यातही खच्ची केलेल्या, लठ्ठ झालेल्या आणि घरात कोंडून बसलेल्या बोक्यांना. डॉक्टर ही कारणे सांगत असताना आमच्या मनात एकेका कारणापुढे खूण होत होती. तिन्ही कारणे आमच्या हातची होती.

ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी पुरतेपणी उमगली नाही. घरी येताना आमच्या मनात होती ती दया. मराठी माणसाला अशा प्रसंगी उदाहरणांचा तोटा पडत नाही. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा ती कोरडी लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव आणि रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती करणारे एकनाथ, हे आम्हां सर्वांच्या लहानपणी घरातच वावरत असतात. आमचा बोकाही तहानलेलाच होता. तेव्हा एकनाथांची आठवण आम्हांस विशेष सुखावह वाटली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पहिल्या पंधरवड्यातच ध्यानात आले की या कथा आमच्या कामाच्या नाहीत. गाढवाची तहान भागली, ते उठले आणि नाथ पुढे निघाले. ते गाढव रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्यांच्या दारी येऊन उभे राहिले असते, तर काय झाले असते? नाथांनी तेही केले असते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण कथाकारांनी ती कथा सांगितली नसती. क्षणाची करुणा सांगण्यासारखी असते. घड्याळाला बांधलेली करुणा कंटाळवाणी असते, आणि तिच्यातून हळूहळू करुणा आटून नुसते घड्याळ उरते.

युधिष्ठिराचे उदाहरणही तपासून पाहिले. कुत्र्यासाठी त्याने स्वर्ग नाकारला, कारण तो भक्त होता, मागोमाग आला होता. मांजर मागोमाग येत नाही. आमचा बोका तर सुई पाहताच कपाटाखाली जातो आणि वाटीचा आवाज ऐकून बाहेर येतो. आपल्याला टोचणारा आणि आपल्याला खाऊ घालणारा हात एकच आहे, हे त्याला कळते. पहिले दुसऱ्यासाठी आहे, हे कळण्याची सोय नाही. लोकांचे हित त्यांना न विचारता करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या आम्हां सरकारी नोकरांना याचे वैषम्य वाटू नये, तरी वाटते.

मित्रमंडळींनी दुसरी बाजू मांडली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या घरापासून पायी गेले तर पाऊण तासाच्या आत रिंगरोडवरील ते मोठे रुग्णालय लागते, ज्याची स्थापना १९५६ साली झाली आणि ज्याच्या भोवतालच्या पदपथांवर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले रोगी आणि त्यांचे नातलग आपला क्रमांक येईपर्यंत थंडीवाऱ्यात निजतात. ते पाहत कचेरीला जायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मांजराला सुई द्यायची? आमच्याच खात्यातील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, "त्या पैशांत एखाद्या मुलाचे औषध होणार नाही का?" होईल. यावर उत्तर देताना आम्ही घटनेच्या ५१-अ कलमाकडे बोट दाखविले. १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घटनेत आली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याचे एक आहे. स्नेही हसून म्हणाले, "बरोबर. पण दयेत अग्रक्रम असतो." आणि येथे आम्ही निरुत्तर झालो. ज्याच्या हाती थोडे आहे, त्याने ते जेथे दुःख अधिक तेथे द्यावे. बेंथॅमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्राण्याला बुद्धी आहे की वाणी आहे हे न पाहता त्याला वेदना होते का, एवढेच विचारावे असे म्हटले. पण वेदनाच मोजायच्या तर पदपथावरचे पारडे जड आहे. कांटच्या मते प्राण्यांविषयीची कर्तव्ये ही अखेर माणसांविषयीच्या कर्तव्यांची तालीम. मग नाटक सुरू झालेले असताना तालीम कशाला?

मग दुसरा मार्ग? १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींनी सुई देववून मुक्त केले, आणि त्यावरून गुजरातेत गदारोळ उठला. आम्हांस गांधीजींचे करणे योग्य वाटते. परंतु तेथे उपाय उरला नव्हता. येथे उपाय आहे. नाही ती आमची सवड. दोन्ही ठिकाणी सुईच, आणि दोहोंस दयाच म्हणता येईल, हे लक्षात आल्यावर दया या शब्दाविषयीच आमच्या मनात संशय उत्पन्न झाला.

त्याच सुमारास इन्सुलिनचा इतिहास वाचनात आला. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोठे आहे ते प्रथम असे कळले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी अनेक कुत्र्यांवर प्रयोग करून त्या पिंडातील औषध वेगळे केले, आणि १९२२ च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. संशोधकांनी त्याचे पेटंट एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ही त्यांची थोरवी गाताना तो डॉलरही ज्यांना मिळाला नाही त्यांचा विसर पडतो. पुढे सुमारे साठ वर्षे जगातील मधुमेही माणसे गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्सुलिनवर जगली; १९८२ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा कोठे हे परावलंबन सुटू लागले. आमचे वडील त्या जुन्या इन्सुलिनवर अकरा वर्षे जगले. आम्ही त्या अकरा वर्षांत शिकलो, नोकरीस लागलो. जनावराला इन्सुलिन देणे ही चैन आहे असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा हा हिशेब उलट्या बाजूने मांडला जात आहे असे आम्हांस वाटते.

आणि आमचा घरचा हिशेब तर याहून जवळचा होता. अंगणातल्या बोक्याला नवव्या मजल्यावर कोणी नेले? हिंडण्याची जागा काढून घेऊन वाटी कोणी भरली? जो अपघात आपल्या गाडीने झाला, त्यातील जखमीला दवाखान्यात नेणारा माणूस दया करीत नसतो, आणि याहून गंभीर जखमी अन्यत्र पडले आहेत हे सांगून त्याला पुढे जाताही येत नाही. पदपथावरच्या माणसाचेही आमच्याकडे देणे आहेच. ते मोठे आहे आणि आम्ही ते फेडीत नाही, हा आमचा दोष. परंतु मोठ्या धनकोला चुकविणारा लहान धनकोला चुकवून अधिक प्रामाणिक कसा होतो, हे आम्हांस कळलेले नाही. दयेत अग्रक्रम असतो हे स्नेह्यांचे म्हणणे खरे. देण्यात तो तसा नसतो.

हे इतक्या शांतपणे लिहिता येते, कारण मध्ये एक रात्र गेली. चैत्रातली गोष्ट. संध्याकाळी सातला आम्ही बोक्याला दोन युनिटे दिली आणि खाली दूध आणावयास गेलो. पत्नी कचेरीतून उशिरा आली. बोका कपाटाखाली, वाटी रिकामी. सुई राहिली असे समजून तिने त्याला खाऊ घालून पुन्हा दोन युनिटे दिली. शंका आल्यास दुसरी सुई देऊ नये, एक चुकली तर चालते पण दुप्पट झाली तर प्राणाशी गाठ, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. नऊच्या सुमारास तो उठला आणि भिंतीवर आदळला. डोळे मोठे झाले होते. मग तो आडवा पडून पाय झाडू लागला. पत्नीने मधाची बाटली आणली; आम्ही त्याच्या हिरड्यांना मध चोळीत होतो आणि ती फोनवर टॅक्सी मागवीत होती.

त्या चार-पाच मिनिटांत आमच्या मनात जे आले ते सांगितले नाही तर या लेखाला अर्थ नाही. मनात असे आले की आता हे संपले तर संपले. कोणी मुद्दाम केले नाही. गणपतीला गावी जाता येईल. हा विचार चोरासारखा आला नाही. हिशेब मांडून बसलेल्या कारकुनासारखा स्वस्थपणे आला, आणि बोटे मध चोळीत असतानाच आला. बोटे थांबली नाहीत, एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल. पण ती कशामुळे थांबली नाहीत? प्रेमामुळे म्हणावे तर त्या क्षणी प्रेम जाणवत नव्हते. सवयीमुळे, असे आम्हांस आता वाटते. तीन महिने सात आणि सात यांचे जे रटाळ घड्याळ चालले होते, त्याने बोटांना एक काम शिकविले होते आणि मनाला न विचारता ती ते करीत राहिली. क्षणाच्या करुणेपुढे घड्याळाच्या करुणेला आम्ही मघाशी कंटाळवाणी म्हटले. ते मागे घेत नाही. पण त्या रात्री उपयोगी पडली ती तीच.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहाटे तो सावरला. दुसऱ्या दिवसापासून घरात नोंदवही आली: तारीख, वेळ, मात्रा, सही. सहीविना सुई नाही. इतकी वर्षे ज्या पद्धतीची आम्ही कचेरीत कुचेष्टा केली, तिनेच घर सावरले.

आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंनी ती वही पाहिली. त्या दरभंग्याकडच्या. लिहिता येत नाही, पण आकडे वाचतात. सुई भरताना त्या काही दिवस नुसत्या पाहत असत, मग एकदा म्हणाल्या, "हमारे आदमी को भी यही लगती है." तीन वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या, आणि हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते. त्यांच्या खोलीत फ्रिज नाही. उन्हाळ्यात त्या इन्सुलिनची बाटली डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवतात. युक्ती चांगली आहे, डॉक्टरही ती सांगतात. पण दिल्लीच्या जेठात मडके किती पुरणार? आमच्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्याशेजारी, बोक्याची बाटली आरामात उभी होती. स्नेह्यांनी अग्रक्रमाचा प्रश्न काढला तेव्हा आम्ही रिंगरोडपर्यंत नजर फेकली होती. स्वयंपाकघरात फेकली नव्हती.

तेव्हापासून त्या दारात दोन बाटल्या आहेत. बोक्याची शंभराच्या मापाची, नारिंगी टोपणाच्या सुईची. बाईंच्या यजमानांची चाळीसाच्या मापाची, लाल टोपणाच्या सुईची. या दोन मापांची अदलाबदल झाली तर अनर्थ होतो, म्हणून दोन वेगळे डबे केले. एकावर पत्नीने मांजराचे चित्र काढले. दुसऱ्यावर काय काढावे हे तिला सुचेना. बाईंनी सांगितले, सायकल काढा.

यंदा गौरीगणपतीला पत्नी गावी गेली, आम्ही राहिलो. आमच्या आईला ब्याऐंशी पुरी झाली आहेत. फोनवर आम्ही कारण सांगितले, ते खोटे सांगितले नाही. ती थोडा वेळ बोलली नाही. मग दिल्लीत पाऊस कसा आहे असे तिने विचारले, आणि मोदक कोणाच्या हाती पाठवावेत याची चौकशी करून फोन खाली ठेवला. आईचे देणे आणि बोक्याचे देणे एकाच तराजूत घालण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. तरीही त्या आठवड्यात आम्ही एकाचे दिले आणि दुसऱ्याचे राहिले, आणि वर ज्या धनकोंच्या युक्तिवादावर आम्ही खूष झालो होतो, तो तेथे उपयोगी पडला नाही.

बाईंना हे कळले तेव्हा त्या रागावल्या. सुई मी देईन असे मला का विचारले नाही, म्हणाल्या; घरी रोज देतेच की. आम्ही का विचारले नाही? त्यांच्या कामात हे बसत नाही, असे वाटले. की मांजरासाठी त्यांच्याकडे काही मागण्याची लाज वाटली, ते आम्हांस अजून नीट सांगता येत नाही. दिवाळीला आम्ही दोघेही जाणार आहोत. त्यांचा या कामाचा वेगळा पगार ठरला. त्यांनी तो मागितला त्याहून पत्नीने थोडा वाढविला, त्यावर त्यांनी एक दिवस विचार करून होकार दिला. वहीत सहीच्या रकान्यात त्या अंगठा उमटविणार नाहीत, सायकल काढणार आहेत. काल त्यांनी आमच्यासमक्ष पहिली सुई दिली. बोका कपाटाखाली गेला नाही. आमच्याकडे पाहत तो वाटीवर बसून राहिला.